तार तर लांब आहे!

मृग जवळ आला की गोव्यात प्रत्येकाला छप्पर आठवतं. तुम्हालाही फोंड्याजवळ शेड घालायची आहे. छपराच्या लोखंडी कैच्या येऊन पडल्यात, त्या चढवायला उद्या सकाळी हायड्रा, म्हणजे छोटी क्रेन, येईल. प्लॉटच्या कडेने ११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्टची, विजेची लाईन गेलीय, असं कोणीतरी अपशकुनी बोलेलच. त्याला सांगा, ‘तार तर लांब आहे.’ किती लांब, ते मोजायला जाऊ नका. मोजलं की लांब राहत नाही.

अमेरिकेची ओशा, म्हणजे कामगार सुरक्षेचं सरकारी खातं, म्हणते, ५० केव्हीपर्यंतच्या लाईनपासून क्रेन निदान १० फूट दूर ठेवा. त्यांच्याकडे जागा आहे हो. आपल्याकडे बांधकामाभोवती मोकळी सोडायची जागा, सेटबॅकसुद्धा, फक्त नकाशात असतो.

शटडाऊनचा अर्ज तर अजिबात करू नका. लाईनमन येणार, लाईन बंद करणार, अर्थिंग लावणार, मग ‘लाईन क्लिअर’ देणार. तोवर हायड्राचं तासाचं भाडं कोण भरणार? मे महिन्यात दुपारी वीज तशीही जाते, तेवढ्यात कैच्या चढवून घ्या. परत येताना ती बेल वाजवत नाही, एवढंच.

अनुभवाची तर आपल्याला ददात नाही. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुर ओढताना तारा आडव्या आल्या की एक पोरगा वर चढतो आणि बांबूने त्या उचलून धरतो. तोच बांबू आणा. गल्लीतली घरगुती लाईन आणि ही ११ हजार व्होल्टची, दोन्ही दिसायला सारख्याच. ही थोडी जास्त मनमिळाऊ, क्रेनचा लांब हात, म्हणजे बूम, अगदी जवळ आला तर टेकायचीही वाट बघत नाही, स्वतःच झेप घेते. आणि बांबू पहिल्या सरीत भिजलेला असला तर तिला तोही चालतो.

ऑपरेटरची नजर हुकावर असते, आभाळाखालची बारीक तार किती जवळ आली ते त्याला केबिनमधून कळत नाही. म्हणून खाली उभं राहून फक्त तारेकडे बघणारा एक माणूस ठेवतात. दिवसभराची हजेरी, वर बघण्याची! त्याला सिमेंट कालवायला लावा.

कैची हवेत गरगरते, तिला धरायला मात्र माणूस हवाच. ही निवड नीट करा. सगळ्यात नवा पोरगा घ्या, कालच आलेला, पायात हवाई चप्पल, तुम्हाला ‘पात्रांव’, म्हणजे मालक, म्हणणारा, नाव तुम्ही अजून विचारलं नाही असा. बूम तारेला टेकला की हायड्राचा सगळा सांगाडा एकाच विद्युतदाबावर येतो, त्यामुळे आत बसलेला बऱ्याचदा वाचतो. विजेला जमिनीकडे जायला वाट लागते. कैचीला हात लावून ओल्या मातीत जो उभा आहे, तोच ती वाट. हजेरीवहीत त्याचं नाव संध्याकाळी लिहू म्हणा.

टेकलाच, तर ऑपरेटरला ओरडून सांगा, ‘उतर, उतर!’ एक पाय पायरीवर, एक जमिनीवर. आत बसून राहायचं, जमलं तर बूम मागे घ्यायचा, आग लागली तरच दोन्ही पाय जुळवून उडी मारायची आणि तसंच टुणटुण लांब जायचं, हे ऐन वेळी कुणाला आठवतं? टायर रबराचे आहेत ना, मग झालं. फीडर ट्रिप झाला, म्हणजे लाईन आपोआप बंद पडली, की सगळ्यांनी हायड्राला हात लावून बघा. सबस्टेशनवर वाटतं, कुठेतरी माडाचं चुडत पडलं असेल, आणि लाईन पुन्हा चालू करून पाहतात.

‘तारेवर कावळा बसतो की!’ असं मुकादम म्हणेल. बसतो, एकाच तारेवर, दुसरं काही न धरता. वडाजवळच्या खांबापाशी पंख पसरलेलं वटवाघूळ दोन तारांमध्ये आठवडाभर लटकतंय, ते पोरांच्या नजरेत यायच्या आत हायड्रा आत घ्या. भाडं कधीच सुरू झालंय.