‘व्हॅक’ लावले म्हणजे निर्धास्त?

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. जखमेवर व्हॅक ड्रेसिंग (जखमेत फोम भरून, वर हवाबंद फिल्म चिकटवून, नळीने जोडलेल्या यंत्राने स्राव ओढून घेणारी पट्टी) बसवले की आठवडाभर तिकडे पाहावे लागत नाही, यंत्र रात्रभर बंद राहिले तरी बिघडत नाही आणि या उपचारात धोका असा नाहीच, अशी त्यातली तीन विधाने आहेत. घरोघरी ड्रेसिंग करणारी परिचारिका म्हणून मला तिन्ही अमान्य आहेत.

आठवड्याची मुदत बहुधा टाके घातलेल्या जखमेवर लावतात त्या छोट्या यंत्रांवरून उचललेली असावी. उघड्या जखमेत भरलेला फोम साधारणपणे ४८ ते ७२ तासांनी आणि जंतुसंसर्ग असल्यास त्याहून लवकर बदलावा लागतो, कारण नवे मांस फोमच्या छिद्रांत शिरते आणि उशिरा ओढल्यास रक्त येते किंवा फोमचा तुकडा तुटून आतच राहतो. म्हणूनच किती तुकडे घातले तो आकडा वरच्या फिल्मवर मार्करने लिहायचा असतो. कोथरूडच्या एका आजोबांच्या फिल्मवर ‘३’ लिहिले होते आणि बाहेर आले दोनच; तिसरा, करडा पडलेला आणि वास येणारा, जखमेच्या कडेखालच्या पोकळीत चिमट्याने चाचपल्यावर सापडला. आकडा लिहिलेला नसता, तर मी दोनावरच थांबले असते.

यंत्र बंद पडले की जखमेतला स्राव हवाबंद फिल्मखाली साचतो आणि जंतूंचे फावते. दिवसभरात मिळून २ तासांहून अधिक वेळ ते बंद राहिले, तर फोम काढून सलाईनमध्ये भिजवलेले गॉज ठेवायचे असते. महावितरण देखभालीसाठी वीज बंद ठेवणार असेल, तर बॅटरी आदल्या रात्रीच भरून ठेवावी.

‘धोका नाहीच’ हे विधान सर्वांत घातक आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये या यंत्रांबाबत इशारा दिला, त्यात मृत्यूंचीही नोंद होती आणि सर्वांत गंभीर कारण रक्तस्राव हे होते. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा जखमेत रक्तवाहिनी उघडी असेल, तर हे डॉक्टरांना आधीच सांगितले गेले पाहिजे. कॅनिस्टरमध्ये, म्हणजे स्राव जमा होणाऱ्या डब्यात, लालभडक रक्त दिसताच यंत्र बंद करावे, ड्रेसिंग न उपटता वरून दाब द्यावा आणि तातडीने रुग्णालय गाठावे.

रोजच्या पट्टीचा त्रास वाचतो, एवढे मात्र संदेशात खरे आहे. पण त्याच संदेशातल्या छायाचित्रात नळी रुग्णाच्या टाचेखालून गेलेली दिसते. ती तशीच राहिली, तर टाचेवर दुसरी जखम होईल.