१७४९चा धक्का यादीतून का काढला?

तुमचे आक्षेप दोन आहेत. लंडनला १७४९च्या फेब्रुवारीत भूकंपाचा धक्का बसल्याचं जुन्या कागदात असूनही मी तो माझ्या जुन्या भूकंपांच्या यादीतून उडवला. उलट १७५०चे ८ फेब्रुवारी आणि ८ मार्च हे बरोबर चार आठवड्यांच्या अंतरावरचे धक्के एकाच नोंदीची दुबार नक्कल वाटत असूनही दोन्ही ठेवले. ‘कागदात आहे ते घ्यावं, डोकं चालवू नये’ हा तुमचा मुद्दा.

कागद खरा असतो, पण त्याचं पंचांग वेगळं असतं. त्या काळी इंग्लंडात कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे आपण ज्याला फेब्रुवारी १७५० म्हणतो, तो तिथल्या कारकुनाच्या लेखी १७४९च. शिवाय जुनं कॅलेंडर आजच्यापेक्षा ११ दिवस मागे. परिणामी एकच धक्का ८ फेब्रुवारी १७४९, ८ फेब्रुवारी १७५० आणि १९ फेब्रुवारी १७५० अशा तीन तारखांनी याद्यांत शिरू शकतो. मार्चचा धक्का मात्र वेगळाच. पहिला भर दुपारचा, दुसरा पहाटेचा. आणि दुसऱ्यानंतर ‘आता चार आठवड्यांनी तिसरा’ या भीतीने एप्रिलच्या सुरुवातीला लोकांनी लंडन सोडलं होतं. एकाच धक्क्यावरून ही आवई उठली नसती.

आपल्याकडच्या कागदांतही हेच होतं. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ला, गुरुवारी पहाटे चारच्या सुमारास झाला. जुन्या पद्धतीच्या टिपणात तो बुधवारच्या रात्रीत पडला असता. त्यात उत्तरेकडचा पौर्णिमान्त, म्हणजे पौर्णिमेला संपणारा महिना असेल तर वद्य पक्षातली घटना सरळ महिनाभर सरकते. म्हणून नोंद उतरवताना मूळ तिथी, वार, घटका जशाच्या तशा एका रकान्यात ठेवायच्या आणि रूपांतर शेजारच्या रकान्यात करायचं. मूळ खोडून इंग्रजी तारीख लिहिली की चूक पुढे कुणालाच सापडत नाही.

‘खिडक्या वाजल्या म्हणजे भूकंपच’ हे तुमचं वाक्यही मान्य नाही. बंदुकीच्या दारूचा स्फोट किंवा फुटलेली उल्का यांच्या हवेतल्या दणक्यानेही तावदानं थडथडतात. टांगलेला दिवा हलला का, पाणी हिंदकळलं का, एकमेकांपासून लांबच्या दोन गावांत स्वतंत्र नोंद आहे का, हे आधी बघायचं. दुरुस्तीच्या खर्चाची नोंद तर सर्वांत फसवी. चुन्याचा खर्च वादळानेही होतो आणि पैसे कधी कधी सहा महिन्यांनी चुकते होतात. अशी नोंद दुजोरा देते, तिच्यावरून नवा भूकंप उभा करायचा नाही.

तीव्रता, म्हणजे त्या जागी धक्का किती जाणवला याचं रोमन अंकांतलं माप, मी III–IV अशी पल्ल्यात देते, त्यावर तुम्ही ‘ठाम आकडा द्या’ म्हणता. घरात मोजक्यांनाच जाणवलं तर III, भांडी-दारं वाजली आणि घरातल्या बऱ्याच जणांना कळलं तर IV. कागदात नुसतं ‘भूमी हालली’ असेल तर यापलीकडे जाता येत नाही. एकाच गावच्या नोंदीवरून रिश्टरचा आकडा काढणं तर निव्वळ अंदाजपंचे.

एक गोष्ट तुमची बरोबर: एकही नोंद नसलेल्या, गप्प वर्षांबद्दल मी काहीच लिहिलं नव्हतं. स्कॉटलंडच्या कॉम्री गावात १८३९च्या मोठ्या धक्क्यानंतरच्या नोंदी भरभरून आहेत, त्याला जमिनीइतकेच तिथला पोस्टमास्तर आणि एक चांभारही कारण. दोघं नेमाने टिपत होते. लिहिणारा थांबला की भूकंप थांबल्यासारखे दिसतात. म्हणून कोणत्या वर्षांचं दप्तर शिल्लक आहे, हा रकाना यादीत आता घालते आहे.

१७४९च्या त्या नोंदीचा मूळ कागद तुमच्याकडे असेल तर त्यातला वार कळवा. गुरुवार असेल तर तो १७५०चाच धक्का. बुधवार निघाला तर नोंद परत घेते.