काही न करण्याची फी

आई सोसायटीत सगळ्यांना सांगते, मुलगी फॉरेस्टमध्ये आहे. मी फॉरेस्टमध्ये नाही. म्हणजे वनखात्यात नाही आणि जंगलात तर अजिबातच नाही, मी असते माळावर, तेही लोकांच्या मालकीच्या, आणि माझं काम म्हणजे त्या मालकांना पटवायचं की तुमच्या जागेत लांडगा, खोकड, चिंकारा नांदतोय तर नांदू द्या. आता हे लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचायच्या आत सांगून होत नाही, म्हणून मग फॉरेस्ट तर फॉरेस्ट. याचा परिणाम एवढाच की बी विंगमध्ये धामण निघाली की रात्री अकराला आमची बेल वाजते.

धामण परवडली पण. खरा ताप म्हणजे ज्याला रिटायर झाल्यावर 'निसर्गासाठी काहीतरी करायचंय' असा माणूस.

असे एक काका मला मागच्या वर्षी भेटले. कोथरूडचे, इंजिनिअर, गावाकडचा सातबारा असल्यामुळे जेजुरीच्या पुढे मोरगावकडे जाताना आत चार एकर घेऊन ठेवलेले. म्हणाले, मॅडम, सगळं उजाड आहे हो, पूर्ण पोटखराबा, तिथं मला मियावाकी करायचंय, म्हणजे ते दाटीवाटीनं लावलेलं जंगल, दोन हजार झाडं, तुम्ही फक्त कुठली लावायची ते सांगा. मी म्हटलं आधी जागा बघू.

नोव्हेंबर होता. पहाटे निघालो, दिवे घाट, सासवडला वडापाव, आणि साडेसातला माळावर. कमरेएवढं गवत, पवन्या आणि कुसळी, उन्हात सगळं तांबूस सोनेरी, लांबवर मेंढरांचा कळप. मला तर काय बोलावं सुचेना. काका म्हणाले, "बघा, एक झाड नाही!"

इथून पुढं माझी अडचण सुरू होते. पुण्यात पर्यावरणाचं नाव घेतलं की माणूस पहिलं रोप आणि दुसरा खड्डा काढतो. वाढदिवसाला झाड, पुण्यतिथीला झाड, बदली झाली तरी झाड. त्यात मी एकटी बाई लोकांना सांगत फिरते की झाडं लावू नका. टेकडीवर नका म्हटलेलं नाही, रस्त्याकडेला नका म्हटलेलं नाही, फक्त या माळावर नका. हा पर्जन्यछायेचा भाग, इथं मुळात गवतच असतं, मे महिन्यात करडं दिसतं म्हणजे मेलेलं नसतं, मुळाशी जिवंत असतं. चर खणले की लांडग्या-खोकडांची बिळं जातात, आणि मधोमध झाडं आली की त्यावर कावळे बसतात आणि माळावरच्या पक्ष्यांनी जमिनीवर घातलेली अंडी वरून आरामात बघून घेतात.

काकांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "पण त्यासाठी सुप्याला अभयारण्य आहे ना?"

आहे. मयूरेश्वर, १९९७ साली झालं, सव्वापाच चौरस किलोमीटरसुद्धा नाही. चिंकाऱ्याला त्याची हद्द कुणी दाखवलेली नाही, तो सकाळी अभयारण्यात आणि दुपारी काकांसारख्यांच्या पोटखराब्यात असतो, म्हणून तर माझी नोकरी आहे.

"मग करायचं काय आम्ही?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच करायचं नाही काका. ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड उगवलं असेल तर काढा, वणवा लागू देऊ नका, धनगरांना मेंढरं चारू द्या, त्यांच्याशी बोलून एखादा तुकडा आलटून पालटून मोकळा ठेवा. बस."

काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "आणि या काही न करण्याचा रिपोर्ट किती पानांचा?"

मी म्हटलं चाळीस. फी सांगायची हिंमत झाली नाही, ती मी ईमेलवर कळवली.

त्या दिवशी घरी गेल्यावर आणखी एक प्रकरण झालं. कुसळी गवताचं बी ज्यांनी पाहिलंय त्यांना माहितीय, टोकाला सुई आणि मागं काळं शेपूट, ते शेपूट ओलं झालं की पीळ सुटत जातो आणि बी गोल फिरत मातीत घुसतं. मातीसाठी भारी सोय आहे. माझे मोजे आईनं मशीनमध्ये टाकले, तिथं पाणी मिळाल्यावर त्या बियांनी आपलं काम चोख केलं, आणि दुसऱ्या दिवशी बाबा ऑफिसला निघाले ते जिन्यातूनच परत आले. नेमकं कुठं टोचलं हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही. माझे कपडे आता वेगळ्या बादलीत असतात, त्यावर मार्करनं 'फॉरेस्ट' लिहिलंय.

असो. काकांच्या प्लॉटवर तीन आठवडे कॅमेरा ट्रॅप लावला, म्हणजे समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. जवळजवळ सगळे फोटो वाऱ्यानं हलणाऱ्या गवताचे, बाकीचे शेळ्यांचे, आणि नऊ फोटो धनगरवाड्यावरच्या एका चिमुरडीचे, लेन्सला नाक लावून. पण एक फोटो रात्री पावणेतीनचा. तरस! म्हणजे तरसाची मागची बाजू, पट्टे आणि शेपूट. मी धावत कोथरूडला. काकांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "कुत्रं आहे." काकू आतून आल्या, तरस म्हटल्यावर मटकन सोफ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, हे कुणाला सांगू नकोस, प्लॉटचा भाव पडेल." मग दोघांना एकदम शंका आली की सरकार आता जमीन काढून घेतं की काय. त्यांना शांत करायला दोन कप चहा आणि दीड तास लागला. मी निघाले तेव्हा मियावाकी होतंच, फक्त दोन हजाराची बाराशे झाली होती.

मेअखेर काकांचा फोन, उद्या जेसीबी येतोय, चर मारायचेत, शेवटचं काही सांगायचं असेल तर या. गेले. ऊन असं की बोलायला तोंड उघडलं तरी चटका बसावा. काका छत्री घेऊन मधोमध उभे, जेसीबीवाला बाभळीखाली तंबाखू मळत. आणि काकांच्या डोक्यावरून एक टिटवी ओरडत घिरट्या घालतेय, पिवळ्या कल्ल्यांची, माळटिटवी.

"अपशकुनी मेली," काका म्हणाले.

"काका, हलू नका."

त्यांच्या डाव्या बुटापासून वीतभर अंतरावर चार अंडी होती. घरटं वगैरे काही नाही, नुसते चार खडे आणि त्यांच्यासारखीच चार अंडी, कुठला खडा आणि कुठलं अंडं हे मलाही दोनदा बघावं लागलं. काका एका पायावर थिजले. मग आम्ही तिघं मागं सरकून बाभळीखाली बसलो. टिटवी आली, ती थेट अंड्यांवर बसली नाही, आधी पोट टेकवून जरा हलली, आणि दुर्बिणीतून दिसलं की पोटाची पिसं ओली आहेत. उन्हात अंडी शिजू नयेत म्हणून पाण्यात पोट भिजवून येतात या. काकांनी दुर्बीण घेतली ती अर्धा तास परत दिली नाही.

"पाणी कुठंय इथं?" एवढंच विचारलं. इंजिनिअर ना.

जेसीबी परत गेला. काका पुढचे तीन आठवडे मला रोज सकाळी साडेसहाला फोन करायचे. पिल्लं निघाली आणि त्याच दिवशी चालायला लागून गवतात निघून गेली, तेव्हा मात्र चिडले, म्हणाले निदान आम्ही येईपर्यंत तरी थांबायचं. चाळीस पानी रिपोर्टची फी अजून यायचीय.

परवा अनोळखी नंबरवरून फोन. तोच जेसीबीवाला. "मॅडम, शेजारच्या गटात पण बघून जा ना, अंडी सापडतायत का. मालक लई किरकिरा आहे, मागचं बिल दिलेलं नाही, अन् मला नाही म्हणता येईना."