रेडी रेकनर त्यांचं, पुरावा मात्र मी आणायचा

वाघोलीची आजोबांची जमीन विकली. आता नफ्यावर कर भरायचा तर म्हणे 1 एप्रिल 2001 रोजी तिचं बाजारमूल्य किती होतं ते दाखवा. अहो, दाखवा काय? तो दर ठरवला कोणी, मी?

नियम कागदावर गोंडस आहे. 2001 पूर्वीची मिळकत असेल तर त्या दिवसाचं बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येतं. पण 2020 च्या अर्थसंकल्पात पाचर मारून ठेवलीय: हा आकडा त्या तारखेच्या रेडी रेकनरच्या, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारनं ठरवलेल्या दराच्या, वर जाता कामा नये. ठीक. मग विकताना? तिथं 1961 च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम 50 सी. रेकनरपेक्षा कमी भाव मिळाला आणि फरक 10 टक्क्यांच्या पुढे गेला, की रेकनरचीच रक्कम मिळाली असं समजून कर! म्हणजे खरेदीच्या बाजूला रेकनरच्या वर जायचं नाही आणि विक्रीच्या बाजूला खाली यायचं नाही. दोन्हीकडून आमचाच खिसा.

हा दर मागायला मुद्रांकवाल्यांच्या कचेरीत गेलो. "एवढं जुनं पुस्तक रेकॉर्डला असेल, अर्ज करून ठेवा." ठेवला. शेवटी हातात आली एक पुसट झेरॉक्स, तीत दर जिरायतीचा. गाव महापालिकेत आलं 2021 मध्ये, हे मान्य. पण 2001 मध्ये नगर रोडलगतचा गुंठा काय जिरायतीच्या भावानं मिळत होता? मिळाला असता तर वडिलांनी आणखी दोन एकर घेतली नसती का!

आणि फरक किरकोळ नाही. 2025-26 चा महागाई निर्देशांक 376, म्हणजे 2001 च्या एक लाखाचे 3 लाख 76 हजार धरतात. तिथं एक लाख कमी दाखवला की 20 टक्क्यांनी 75 हजारांचा जादा कर, सेस वेगळाच. 12.5 टक्क्यांचा पर्याय घेतला तर निर्देशांकच नाही, आणि मूळ आकडा पुन्हा तोच 2001 चा.

जमिनीचं मूल्यांकन करून देणाऱ्या व्हॅल्युअरनं बसल्या बसल्या विचारलं, "साहेब, किती बसवायचाय?" आणि लगेच, "पण रेकनरच्या वर जाता येणार नाही हं." अरे, मग फी कसली घेतोस?

सीए बाईंचा रोज फोन, ॲडव्हान्स टॅक्स भरला का. भरतो ना! कोणत्या आकड्यावर, तेवढं सांगा.