‘चौघांच्या घराला चार लाख’ म्हणजे नेमके किती?

डिचोलीच्या वाचकांस, नमस्कार.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना, म्हणजे गोवा सरकारची आरोग्य विमा योजना, तिचं माहितीपत्रक सोप्या मराठीत कसं असावं, यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही दोन ठिकाणी धरलंत. एक, विम्याचा मजकूर सोपा केला की अचूकपणा जातो आणि त्याचा भुर्दंड कार्डधारकाला पडतो. दोन, माझ्या नमुन्यातलं ‘चौघांच्या घराला चार लाख’ वाचून तुमच्या शेजारणीने हिशेब केला, माणशी एक लाख.

दुसरा फटका वर्मी बसला. विम्याच्या पत्रकात ‘फॅमिली फ्लोटर’ असतं, ते बोजड वाटलं म्हणून मी खोडलं आणि त्यातला अर्थही सोबत गेला. सुधारलेला मजकूर असा:

‘घरातल्या सगळ्यांसाठी मिळून वर्षाला एकच रक्कम. तिघांपर्यंत माणसं असतील तर अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. ती सगळी एकालाच लागली तरी चालते. पण चौघांच्या घरात वडिलांच्या ऑपरेशनला तीन लाख गेले, तर त्या वर्षात बाकीच्या तिघांसाठी मिळून एक लाखच उरतो.’

दोन शब्दांच्या जागी चार ओळी झाल्या, होऊ देत.

पहिला मुद्दा मात्र मला पटत नाही. कराराची भाषा करारात राहू दे, तिला कोण हात लावतो? पत्रक वाचणाऱ्याला काउंटरवर काय बोलायचं ते कळायला हवं. तिथे ‘कॅशलेस’ म्हणतात, तर पत्रकातही कॅशलेसच छापा. ‘रोखरहित उपचार’ वाचून आमच्या आतेने विचारलं होतं, “म्हणजे ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांनाच ना?” (शुद्ध मराठीच्या हट्टापायी आपण मराठी माणसालाच दारात उभं करतो, हे माझं जुनं दुखणं.)

आता ‘४४७ प्रक्रियांचा समावेश’ हे घ्या. आकडा अचूक आहे, पण माणूस दवाखान्यात आजार घेऊन जातो, प्रक्रिया घेऊन नाही. त्याऐवजी लिहा: ‘डॉक्टरांनी सांगितलेल्या ऑपरेशनचं नाव कार्डाच्या यादीत आहे का, ते भरती होण्याआधी विचारा.’ यात अचूकपणा कुठे गेला?

वास्तव्याच्या अटीचंही तसंच. योजनेला गोव्यात पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. पण आपल्याकडे दाखला म्हटलं की मामलेदार कचेरी आणि पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखलाच डोळ्यांपुढे येतो. म्हणून ‘पाच वर्षं, पंधरा नव्हे’ असं स्पष्ट छापायला हवं. कायद्याच्या दृष्टीने ते दोन शब्द फालतू आहेत, पण तेवढ्यावरून एखाद्याचा हेलपाटा वाचेल.

माझी खरी चूक तुम्ही लिहिलीच नाहीत, ती मीच सांगतो. नमुना छापण्याआधी मी तो घरच्या आणि शेजारच्या पाच जणांना दिला आणि “समजलं का?” म्हणून विचारलं. पाचही जणांनी माना डोलावल्या. असं विचारल्यावर “नाही” कोण म्हणेल?

तेव्हा एक काम कराल? वरचा नवा मजकूर तुमच्या शेजारणीला वाचायला द्या आणि फक्त एवढंच विचारा: “तुमच्या घरात एकाच्या उपचाराला या वर्षी एक लाख गेले, तर आता किती उरले?” उत्तर तुम्ही सांगू नका. त्या काय म्हणाल्या, ते मला जसंच्या तसं कळवा.