एमएच-०९ आणि कासवाची वाट

मंडळी, उन्हाळ्याची सुट्टी लागली की निम्मं कोल्हापूर गगनबावडा नाहीतर आंबा घाटानं खाली कोकणात उतरतं. तुमची गाडी निघायच्या आधी हे वाचा.

शिमग्याला आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर होतो. सकाळी सातला कासवमित्रांनी, म्हणजे कासवांची घरटी राखणाऱ्या गावकऱ्यांनी, जाळीच्या कुंपणातली टोपली उचलली. खाली वाळू हलत होती. आधी एक काळं नाक, मग एक इवलंसं वल्हं, आणि बघता बघता पंधरा-वीस पिल्लं. पाण्याच्या थोडं अलीकडं सोडली, तर सगळी समुद्राकडंच! पूर्वी याच गावात घरटी उकरून अंडी नेत असत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्रनं गावाला सोबत घेऊन राखण सुरू केली.

परतताना दुसऱ्या एका किनाऱ्यावर मुक्काम केला. पहाटे पुळणीवर पट्टा दिसला. आपण ऊसपट्ट्यातली माणसं, मला वाटलं ट्रॅक्टर गेलाय. तिथला कासवमित्र म्हणाला, "दादा, ही मादी. वर आली आणि अंडी न घालताच मागं फिरली." पट्टा खरंच अर्धगोल वळून पाण्यात गेला होता. दहा पावलांवर मोठ्या गाडीच्या चाकोऱ्या होत्या. रात्री हेडलाईट लावून वाळूवर गाडी फिरवणारे कोण, ते मी झोपायच्या आधी पाहिलं होतं. पाटी एमएच-०९, आपल्या कोल्हापूरची. मला फार लाज वाटली.

ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी अंधार बघून वर येते. दीडेक फूट खड्ड्यात शंभरावर अंडी घालून जाते आणि पुढं पन्नासेक दिवस वाळूच ती उबवते. पिल्लं उजेडाच्या दिशेनं धावतात, म्हणून हॉटेलचा दिवा, गाडीचा दिवा त्यांना रस्त्याकडं ओढतो. चाकोरीत पडलेल्या पिल्लाला वर चढता येत नाही, मग कावळे आणि कुत्री आहेतच.

दाजीपूरला आपण कसे वागतो? १९५८ पासूनचं अभयारण्य आपलं. गवा दिसला तर गाडी बंद करून गप्प बसतो, पोरांनाही दटावतो. वन्यजीव संरक्षण कायद्यानं या कासवालाही वाघाइतकंच, पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण आहे. पण पुळणीला गेट नाही, चेकनाका नाही, म्हणून आपल्याला ती मोकळं मैदान वाटते. माझ्या मते नोव्हेंबर ते मे या अंडी-पिल्लांच्या हंगामात तिथं गाडी नेणं म्हणजे अभयारण्यात घुसणंच आहे.

गाडी सुरूच्या बनाअलीकडंच लावा. रात्री किनाऱ्यावर टॉर्च, फटाके, स्पीकर नको. घरटं दिसलं तर हात न लावता गावातल्या कासवमित्राला सांगा. आणि आपल्या नंबरची गाडी वाळूवर दिसली, तर ओळखीचा असो-नसो, हटकायला लाजू नका. मी त्या रात्री हटकलं नाही.