कॅक्टसला म्हणे महिन्यातून दोन चमचे पाणी!

थंडीची चाहूल लागली की हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर हमखास येतो. थोडक्यात असा: "कॅक्टस वाळवंटातला. महिन्यातून दोन चमचे पाणी पुरे. नुसत्या वाळूत लावा. कॉम्प्युटरशेजारी ठेवा, रेडिएशन शोषून घेतो आणि रात्री ऑक्सिजन देतो. फूल मात्र नशिबात असेल तरच." वाळवंट एवढं सोडलं, तर यातलं काहीही पाळण्यासारखं नाही.

आधी दोन चमचे. नर्सरीत मिळणारे छोटे, फुलणारे कॅक्टस बरेचदा मॅमिलारिया असतात. त्यांचं मूळ घर मुख्यतः मेक्सिको. तिथे पाऊस थोडेच दिवस पडतो, पण पडतो तेव्हा दणकून. झाड तेवढ्यात पोटभर पिऊन फुगतं आणि पुढचे कोरडे महिने त्यावर काढतं. चमच्याने पाणी घातलं की वरचा बोटभर थर ओला होतो, खालची केसासारखी मुळं कोरडीच राहून मरतात. मग झाड सुरकुततं, आपण घाबरून तांब्याभर ओततो आणि ते मुळाशी कुजतं. वर म्हणायला मोकळे, "बघा, पाणी जास्त झालं!"

पाणी द्यायचं ते कुंडीच्या भोकातून वाहेपर्यंत, आणि मग पूर्ण सुकेपर्यंत हात लावायचा नाही. सुकलं का ते कळायला जळून गेलेल्या अगरबत्तीची काडी कडेने तळापर्यंत खुपसा आणि पाच मिनिटांनी काढा. काडी गडद दिसली, गार लागली तर थांबा. फेब्रुवारी-एप्रिलमध्ये तीन इंची कुंडीला हे साधारण आठवड्या-दहा दिवसांनी करावं लागतं. पावसाळ्यात मात्र कुंडी छपराखालीच हवी. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या नाशिकचं आभाळ दिवसेंदिवस उघडत नाही, तेव्हा घातलेलं पाणी सुकणार कसं?

वाळूचं म्हणाल तर बांधकामाची बारीक वाळू ओली झाली की घट्ट बसते, मुळांना हवा मिळत नाही आणि तिच्यात पोषण जवळजवळ शून्य. आपली काळी माती तर त्याहून वाईट: ओली असताना चिकट, सुकली की कुंडीपासून सुटते आणि पाणी कडेनेच निघून जातं. त्यापेक्षा मिश्रण असं करा: धूळ चाळून काढलेली बारीक खडी किंवा हरभऱ्याहून लहान विटांचे तुकडे तीन भाग, जुनं गांडूळखत एक भाग. महागड्या तयार पाकिटांची गरज नाही.

रेडिएशनबद्दल फार लिहीत नाही. कुंडीएवढं झाड स्वतःच्या अंगावर जे पडतं तेवढंच अडवणार, आजूबाजूचं काही ओढून घेत नाही. टेबलावर नुकसान होतं ते झाडाचंच. अपुऱ्या उजेडात गोल कॅक्टस फिकट, निमुळता वाढतो आणि तो आकार पुन्हा सुधारत नाही. सकाळचं चार तास ऊन मिळेल अशी गॅलरी उत्तम. शेडनेटखालून आणलेलं झाड एप्रिलमध्ये थेट गच्चीवर ठेवाल तर भाजेल, तो तपकिरी डागही कायमचा.

ऑक्सिजनची गोष्ट अर्धवट ऐकलेली आहे. कॅक्टस रात्री आपली छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतो आणि आम्लाच्या रूपात साठवतो, हे बरोबर. ऑक्सिजन मात्र दिवसा, उजेडातच तयार होतो.

आता फूल. यात नशिबाचा काही संबंध नाही, आणि इथे तर थंडीमुळे नाशिककर मुंबईकरांपेक्षा फार सुखी. सटाणा-मालेगावकडचे डाळिंबवाले बहार धरताना, म्हणजे झाडाला एकदम फुलं यावीत म्हणून, पाणी तोडून ताण देतात, नेमकं तेच इथे करायचं. नोव्हेंबरअखेर पाणी कमी करत आणा, डिसेंबरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत बंद. जागा उन्हाचीच हवी. झाड जरा आकसेल, कुंडीत खाली बसल्यासारखं दिसेल, दिसू द्या. कोरडं असेल तर ते ८-१० अंशांची रात्र सहज काढतं, ओलं असेल तर त्याच थंडीत सडतं. मग शेंड्याजवळ, पण अगदी टोकावर नाही, उंचवट्यांच्या मधल्या पांढऱ्या लोकरीत टाचणीच्या डोक्याएवढे लालसर ठिपके दिसू लागतात. त्या कळ्या. आता पाणी सुरू करा. फुलं शेंड्याभोवती गोल कड्यात येतात, उन्हात उघडतात, संध्याकाळी मिटतात.

विकत घेतलेल्या झाडाचं फूल महिनाभर ना मिटतं ना कोमेजतं? मग ते गरम गोंदाने चिकटवलेलं सुकं फूल असणार. आणि हिरव्या तिधारी खोडावरचा लाल-पिवळा गोळा हे तर फूलच नव्हे. तो हरितद्रव्य नसलेला दुसरा कॅक्टस, कलम केलेला. खालचं खोड ड्रॅगनफ्रूटच्या गोतातलं, त्याला थंडी मानवत नाही. हिवाळ्यात ती कुंडी आत घ्या आणि तिला वर सांगितलेला पाणी तोडण्याचा ताण अजिबात देऊ नका.